काडाखालची मिरची

दाराच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला, तसं थोरलीनं खांद्यावरचं फावडं खाली टाकलं.

कालव्याच्या चारीला पाणी आलं होतं. हात घातला तर मनगट भिजेल इतक्या जवळून ते तिच्या शेताच्या दारापुढून सरळ पुढं निघालं होतं, ओळखीच्या माणसानं मान फिरवून जावं तसं. आज पाण्याची पाळी तिची होती. शेतात मिरचीची रोपं वाट बघत होती. आणि दारावर बसवलेली ती पत्र्याची पेटी लाल डोळा करून गप्प बसली होती.

"भाऊजी, दार उघडा."

पाटकरी तिचा धाकटा दीर. चारीची दारं उघडण्यात आणि मिटण्यात त्याचे केस पिकले. पूर्वी प्रत्येक दाराला लोखंडी चाक होतं. पाटकरी अंगाचा जोर लावून ते फिरवायचा, दार करकरत वर यायचं, आणि पाणी शेतात उतरायचं. आता ती चाकं पाटबंधाऱ्याच्या कचेरीच्या कोठीत गंजत पडली होती. पेटी म्हणेल ते दार उघडायचं, पेटी म्हणेल ते मिटायचं. पाटकऱ्याच्या हाती राहिलं होतं ते पेटीवरची धूळ पुसायचं फडकं.

"वहिनी, माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या हातात काय आहे ते दिसतंय मला. स्वच्छ धुतलेलं आहे, वाळलेलंही आहे."

पाटकऱ्यानं फडकं खिशात कोंबलं.

"पेटी बिघडली असेल," थोरलीचा लेक म्हणाला. तो शेतातल्या पाण्याच्या दंडात पाय रोवून, पाणी वळवायला वाकून उभा होता. आता वाकलेला माणूस सरळ कसा व्हावा तेच त्याला कळत नव्हतं.

"बिघडली कुठली? बाकी सगळ्यांना हिरवा लागला. फक्त आपल्याला लाल," पाटकरी म्हणाला.

"आपल्यालाच का? मी काय तिच्या बापाचं खाल्लंय?" थोरलीनं विचारलं.

पाटकऱ्यानं वर बोट दाखवलं. आकाशातून म्हणे शेतांचे फोटो काढतात. कुठंतरी एक शिकवलेलं यंत्र ते फोटो बघतं, आणि कोणाचं पीक तहानलेलं, कोणाचं नाही, हे ठरवून पेटीला कळवतं. एवढंच त्याला शिबिरात सांगितलं होतं. शिबिरात फडकंही दिलं होतं.

पाणी पुढच्या शेतात शिरलं, त्याचा आवाज आला. थोरली तो आवाज ऐकत काठावर बसून राहिली. उठताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला, आणि ते कोणी बघितलं नाही ना, हे तिनं बघून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती कचेरीत गेली. कचेरीत पंखा होता, पण त्याचा वारा फक्त कारकुनाच्या टेबलावर पडत होता. बाहेरून आलेल्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. थोरली मात्र सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिली.

कारकुनानं पडदा तिच्याकडं वळवला. गावची सगळी जमीन तिथं होती, हिरव्या तुकड्यांची. मध्येच एक पिवळा चौकोन होता. इस्त्री विसरून राहावी आणि सदऱ्यावर डाग पडावा, तसा.

"हे तुमचं," कारकून म्हणाला.

"वर काय लिहिलंय?" थोरलीला अक्षरं लावून वाचायला वेळ लागायचा, आणि चारचौघांत ती वाचायची नाही.

सून पुढं झाली. वाचलं, आणि सासूकडं बघितलं.

"अगं, बोल की."

"पडीक," सून हळूच म्हणाली.

हळूच म्हणाली तरी भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कोणीतरी खोकलं. थोरलीच्या कानशिलापाशी एक शीर उडायला लागली. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिनं शेताचा कोपरा रिकामा ठेवला नव्हता. लोक भेटायला यायचे तेव्हा ती खुरपं हातात घेऊनच त्यांच्याशी बोलायची.

"पडीक तुझं तोंड," ती म्हणाली. "मिरची आहे तिथं. वीतभर झालीय."

"मावशी, माझ्यावर कशाला चिडता? मी थोडंच ठरवलंय?"

"मग कोणी ठरवलं?"

"यंत्रणेनं."

"कुठं बसते ती? आम्ही जाऊन भेटतो."

भिंतीशी कोणीतरी हसलं. कारकून उठून आतल्या खोलीत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेब तरुण होते, दमलेले होते, आणि हातातला फोन त्यांनी कानापासून फक्त वीतभर लांब धरला होता. ठरवणं यंत्राच्या कंपनीचं, आम्ही नुसती अंमलबजावणी करतो, एवढं बोलून ते परत फोनमध्ये शिरले. सुनेनं तिथूनच कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक गोड आवाजाचा माणूस म्हणाला की यंत्र अगदी नीट शिकवलेलं आहे, फोटोच तसे आले असतील, आणि फोटोंचं खातं वेगळं. फोटोंच्या खात्यानं परत कचेरीचंच नाव सांगितलं.

"एवढी माणसं," थोरली म्हणाली, "आणि एकाच्याही तोंडून 'मी' निघत नाही."

कारकून मनानं वाईट नव्हता. त्यानं तो पिवळा चौकोन बोटांनी मोठा केला, डोळे बारीक केले. "मावशी, शेतात काही पसरलंय का तुम्ही?"

"गव्हाचा काड."

तिथंच घोडं पेंड खात होतं. गावात कोणी करत नव्हतं ते थोरली करायची. रोपं लावून झाली की सगळ्या रानावर काडाचा जाड थर पसरायची. माती दिसली नाही पाहिजे, रोपाचा नुसता शेंडा वर. लोक हसायचे, थोरलीनं शेताला पांघरूण घातलं म्हणायचे. ती म्हणायची, तुम्हाला कातडी आहे तरी उन्हात डोक्यावर फडकं घेता, जमिनीला तर कातडीही नाही. तिची मिरची भर उन्हाळ्यातही तग धरायची, आणि मग हसणारे लोक गप्प बसायचे. पण आकाशातून बघणाऱ्याला दिसणार काय? वाळलेलं गवत.

"मग सोपं आहे," कारकून म्हणाला. "काड उचला. हिरवं दिसलं की दिवा आपोआप बदलेल." मग पडद्यावर आणखी काही वाचून त्याचा चेहरा पडला. "इथं पडताळणीही झालीय की. मुलगी येऊन गेली. तिनंही पडीकच कळवलंय."

"कोण मुलगी?"

सुनेनं मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर बरंच चालून झाल्यावर सून बोलली. "आई, शेताचे फोटो काढायला आलेली ती फोनवाली आठवते का? बूट घालून वाफ्यात शिरलेली."

थोरलीला आठवलं. रोपावर बूट पडलेला बघून ती पलीकडच्या बांधावरून अशी ओरडली होती, की मुलगी धडपडत रस्त्याला लागली होती.

"मग तिनं बांधावरूनच बघितलं असेल. तिथून तिला रोप कसं दिसणार, आई?"

"तुला कोणी विचारलं?" थोरली म्हणाली. पण तिच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता, आणि पुढची सगळी वाट ती सुनेच्या मागून चालली.

*

काड उचलायचा की नाही, ह्यावरून घरात धुमश्चक्री झाली. लेक म्हणाला, यंत्राला हिरवं हवंय तर हिरवं दाखवू, आपलं काय जातं? थोरली म्हणाली, रोपं जातात. लेकानं ऐकलं नाही. सकाळीच जाऊन त्यानं कडेच्या एका सरीवरचा काड ओढून बांधावर टाकला. दुपारपर्यंत उघडी माती तव्यासारखी तापली. दिवस कलायच्या आत त्या सरीतली रोपं आडवी झाली, पानं हातात घेतली तर कागदासारखी वाजत होती.

थोरली त्याला टाकून बोलेल म्हणून तो तयारीत उभा होता. खाली बसून तिनं मुठीमुठीनं काड परत पसरला, मेलेल्या रोपांच्या भोवतीसुद्धा. ते लेकाला शिव्यांपेक्षा जड गेलं.

मग ओढ्यावरून पाणी वाहायला सुरुवात झाली. ओढा म्हणजे नुसतं नाव, खडकात एक डबकं उरलं होतं. प्लास्टिकचे डबे घेऊन तिघं उतरायची, वाटीनं पाणी भरायची, चढ चढून यायची. लेकाच्या खांद्याला डब्याच्या दांडीचा वळ पडला. सुनेच्या मानेत काहीतरी अडकलं, तिला सगळं अंग वळवून बघावं लागायचं. थोरली प्रत्येक रोपाच्या बुडाशी काड बाजूला करायची, ओंजळभर पाणी सोडायची, काड परत सारखा करायची. पाठ सरळ करायला वेळ नव्हता. संध्याकाळी ती तशीच वाकलेली घरी यायची आणि भिंतीला धरून हळूहळू उभी व्हायची.

पाटकरी चारीच्या काठावरून हे सगळं बघायचा. कधी मुकाट्यानं एक डबा उचलून आणायचा. थोरली त्याला म्हणायची, "ठेवा भाऊजी, पेटीवर धूळ बसेल." तो डबा ठेवून जायचा.

डबक्याचं पाणी सगळ्या शेताला पुरणारं नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. एका सकाळी थोरली शेताच्या मधोमध उभी राहिली. "ह्या बाजूला पाणी घालायचं. त्या बाजूला नाही."

"आई, ती रोपं चांगली आहेत."

"चांगली आहेत म्हणून काय झालं? माती हलकी आहे तिथली, टिकायची नाहीत." ती वळून चालायला लागली, मग थांबली. "उद्या वाटलं की ती बाजू वाचली असती, तर मला बोल. मी ठरवलंय."

त्यानंतर ती त्या बाजूला फिरकली नाही. डबे घेऊन जाताना जवळची वाट तिकडूनच होती, तरी ती वळसा घालून जायची.

*

समिती आली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. असली शहाणी यंत्रं चुकली तर जबाबदार कोणाला धरायचं, ह्याचा सरकार अभ्यास करतंय, असं पाटकऱ्यानं येऊन सांगितलं. शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. पोरांच्या बाकांवर समितीची मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या भुवयांचे एक निवृत्त न्यायाधीश. शेजारी एक मध्यमवयीन बाई, पुढ्यात आवाज टिपायचं यंत्र ठेवून बसलेल्या. साहेब दाराशी उभे. आज त्यांचा फोन खिशात होता.

एका अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं, "यंत्रणेनं घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पुरेशी सोय आपणांस उपलब्ध आहे, असं आपणांस वाटतं का?"

लोकांनी एकमेकांकडं बघितलं.

"माणसासारखं विचारा की," थोरली म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी अधिकाऱ्याला थांबवलं. "आजी, काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा."

थोरलीनं सांगितलं. पाळी, लाल दिवा, पिवळा चौकोन, ओढा. कुठं रडगाणं नाही, कुठं हात जोडणं नाही.

"प्रत्यक्ष येऊन कोणी बघितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"आली होती एक मुलगी. मी हाकलली."

साहेबांनी झटकन मान वर केली.

"रोपावर बूट दिला तिनं. मी हाकलली. परत आली तर परत हाकलीन. बूट काढून आली तर काड उचलून एकेक रोप दाखवीन. पण हाकललं मीच. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर घालू नका."

बाईंनी हे लिहून घेतलं, आणि त्याखाली रेघ ओढली. मग त्यांनी शेत बघायचं ठरवलं. बांधावर आल्यावर त्यांनी न सांगता चपला काढल्या. तापलेल्या मातीनं पाय भाजले, तशा त्या चवड्यांवर नाचत वाफ्यापर्यंत गेल्या. गुडघ्यावर बसून काड बाजूला केला. खालची माती अजून किंचित ओली होती. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

उठल्यावर त्या पाटकऱ्याकडं वळल्या. "हे शेत पडीक नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज बघतो की, बाई."

"मग कोणाला सांगितलंत?"

"सांगायचं कोणाला? पेटीला कान नाहीत."

मागं उभे असलेले लोक हसले. बाईही हसल्या असत्या, पण पाटकरी स्वतः हसत नव्हता. त्यानं खिशातलं फडकं काढलं, चेहरा पुसला आणि ते पेटी पुसायचं फडकं आहे हे आठवून परत खिशात घातलं.

थोरली अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. "बघितलंत ना? आता दार उघडायला सांगा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आजी, आमचं काम अभ्यासाचं आहे. हुकूम द्यायचा अधिकार आम्हाला नाही."

"मग अभ्यास कधी संपेल?"

अध्यक्ष काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "खोटं सांगत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"बरं," थोरली म्हणाली. "मिरचीला तसं सांगते."

गाड्या गेल्या. त्यांची धूळ काडावर येऊन बसली, आणि शेत होतं त्याहूनही पिवळं दिसायला लागलं.

*

पुढची पाळी आली. सकाळीच चारी भरून आली. दिवा लाल.

थोरलीनं ह्या वेळी फावड्याऐवजी पहार आणली होती. एवढं अंतर ती खांद्यावरून वाहून आणताना वाटेत दोनदा बसली होती. पाटकरी दाराशीच होता.

"भाऊजी, तुम्ही घरी जा. काही बघितलं नाही म्हणा."

पाटकरी जागचा हलला नाही. थोरलीनं पहार दाराच्या फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहार सटकली, थोरली काठावर आपटली. कोपर सोललं. तिनं परत पहार उचलली. परत फटीत घातली.

"वहिनी, ते असं निघत नाही."

"मग कसं निघतं ते पेटीला विचारते."

"खालून घ्यायचं. कडेला एक खाच आहे." त्यानं तिच्या हातातून पहार घेतली, पाण्यात उतरला, हातानं चाचपून ती खाच शोधली. "मी वर उचलतो. तुम्ही खाली दगड सारा."

दार करकरलं. किती दिवसांनी तो आवाज आला. थोरलीनं गुडघाभर पाण्यात बसून दगड सारला. पेटी शिट्टी घालायला लागली, आणि पाणी तिच्या मांड्यांना ढकलत शेताकडं वळलं. पलीकडं लेकानं दंड मोकळा केला, सून सरीसरीवर धावत पाणी वळवायला लागली.

सगळा उन्हाळा साहेब शेताकडं फिरकले नव्हते. पेटीची शिट्टी कचेरीत ऐकू गेली आणि पाणी निम्म्या शेतात पोचायच्या आत त्यांची जीप आली.

"कोणी उघडलं हे?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी," पाटकरी म्हणाला.

साहेब दोघांकडं बघत राहिले.

"वहिनी, उगाच मध्ये पडू नका. तुमच्यानं पहार तरी उचलवते का?"

"तुमच्या आधी मीच उचलली होती. कोपर बघा." तिनं सोललेलं कोपर साहेबांसमोर धरलं. "दगड कोणी सारला? मी. पहार कोणाच्या घरची? माझ्या."

"दार माझं आहे. खाच मला ठाऊक."

"आयुष्यभर गप्प बसला आणि आता तोंड फुटलं होय?"

"पुरे!" साहेब ओरडले. "तक्रारीत एकाचंच नाव बसतं. जबाबदार कोण ते सरळ सांगा."

थोरलीनं त्यांच्याकडं बघितलं. तिला खूप काही बोलता आलं असतं. गावभर पुरेल एवढं तिच्या जिभेवर होतं. पण ती इतकी दमली होती की एवढंच म्हणाली, "साहेब, हे विचारायला आम्ही तुमच्याकडं आलो होतो."

साहेब नजर न देता म्हणाले, "पुढच्या हंगामाची पाळी बंद होईल तुमची. मी काही..." आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

"माझं नाव घाला," थोरली म्हणाली. "मिरचीवालीचं."

"आणि माझंही," पाटकरी म्हणाला. "बसत नसलं तर कडेला घाला." त्यानं खिशातून फडकं काढलं, घडी केली आणि जीपच्या टपावर ठेवलं. त्याच्या पायांवरून अजून पाणी निथळत होतं.

जीप गेली तेव्हा फडकं रस्त्यावर पडलं. ते उचलायला कोणी गेलं नाही.

थोरली बांधावर बसली. आज गुडघ्यावर हात टेकून बसली, आणि कोण बघतंय ते बघितलं नाही. पाटकरी शेजारी बसला. तो कधी तिच्यासमोर बसायचा नाही, पण तिनं सरकून जागा केली. पलीकडं सून एका सरीतून दुसरीत पाणी वळवत होती. पाणी न घालता सोडलेल्या त्या बाजूलाही तिनं पाण्याला वाट मोकळी केली होती.

"तिकडं काही उरलं नसेल," लेक म्हणाला.

"जाऊ दे की तिकडंही," थोरली म्हणाली.

पाणी काडाखालून चाललं होतं. काड कुठं हलत नव्हता, भिजत नव्हता, नुसता बारीक आवाज येत होता, कोणीतरी अंथरुणात कूस बदलावी तसा. वरून ऊन पडलं होतं, आणि सगळं शेत पिवळंधमक दिसत होतं. तिनं वाकून काडात हात घातला, मातीपर्यंत नेला, आणि तो भिजेपर्यंत तसाच ठेवला.